तुपाची वाटी



मागच्या अंकात आपण वाळवणांबद्दल बोललो. त्यावर बऱ्याच मुलामुलींचे निरोप आले. कुरडयांचं कौतुक झालं, पण शेवटी निम्म्या जणांनी एकच विचारलं होतं, "काकू, तुमची संत्री आता कशी आहे?" तेव्हा आजचं सदर संत्रीच्या नावे.

संत्री म्हणजे आमची कुत्री. रंग अगदी पिकल्या संत्र्याच्या सालीसारखा, आणि गाव पांढुर्णा. मग दुसरं नाव काय ठेवणार! आमच्याकडचं नवीन पिढीला माहीत नसेल म्हणून सांगते. 1956 मध्ये राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर पलीकडे गेलं आणि आम्ही अलीकडे, मध्य प्रदेशात राहिलो. संत्री, कापूस, मराठी बोली आणि पोळा मात्र दोन्हीकडे तेच राहिले. माझं माहेर सौंसर आणि सासर पांढुर्णा. पूर्वी दोन्ही छिंदवाडा जिल्ह्यात होते. 2023 पासून या दोन तहसिली मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. थोडक्यात, मी लग्न करूनही जिल्ह्याबाहेर गेलेली नाही.

गेल्या श्रावणात माझ्या लेकाला बसस्टँडजवळ हातगाडीखाली एक पिल्लू सापडलं. दोन दिवस वाट बघितली, आई काही आली नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि पिल्लू त्याच्या शाळेच्या दप्तरातून घरी आलं. डॉक्टरांनी दात बघून सात आठवड्यांची असावी असं सांगितलं, जंताचं औषध दिलं. आठवडाभराने पहिली लस टोचली. पंधरा दिवसांनी जंताचं औषध पुन्हा द्यायचं होतं. ते आम्ही विसरलो. ही चूक माझी, पुढे कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

आता आमच्या घराचं बघा. सासूबाई माळकरी. त्यांनी दूध-पोळी कुस्करून द्यायची. मामंजी सकाळच्या चहात बिस्किट बुडवून अर्धं स्वतः खायचे, अर्धं तिला. लेकाच्या हातून शेव सांडायची, आणि ती मुद्दाम सांडलेली असायची. यांनी एकदा बाहेरून जेवून येताना सावजी रश्शातलं हाड कागदात बांधून आणलं. आणि मी? मी रात्री वरण-भात कालवून वर तूप सोडायचे. प्रत्येक जण म्हणायचा, "मी तर एकच घास दिला." पाच माणसांचे पाच घास, तेही पाच प्रकारचे.

संत्रीचं पोट कधी घट्ट, कधी पातळ. पोटात गुडगुड सुरू झाली की ती अंगणात जाऊन गवत खायची. आम्ही म्हणायचो, "हिचं पोटच नाजूक आहे." सासूबाई म्हणायच्या, "आईचं दूध भेटलं नाही ना तिले. काय होते एका घासानं? लेकरू हाय ते." आणि दुधाची वाटी पुन्हा भरायच्या.

नामदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. कुत्र्याने भाकरी पळवली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. का, तर देवाला कोरडी भाकरी खावी लागू नये. सासूबाई ही गोष्ट आजही डोळ्यांत पाणी आणून सांगतात. आपल्या घराघरात ती वाटी आहे. प्रेम करायचं म्हणजे खाऊ घालायचं, आणि नको म्हटलं तरी वाढायचं. पाहुणा "पुरे" म्हणत हात आडवा धरतो आणि आपण बोटांच्या फटीतून तूप सोडतो.

पोळ्याच्या दिवशी ती वाटी उपडी झाली.

पुरणपोळी, वरून तूप, सोबत कोहळ्याचे बोंडं. बैलांची पूजा झाली, ओवाळणी झाली. गल्लीतली मुलं संत्रीला बघायला आली. कुणी काय दिलं देव जाणे. रात्री अकराला पहिली उलटी झाली. पहाटेपर्यंत तीन. मग जुलाब, आणि सकाळच्या उजेडात त्यात रक्ताची बारीक रेघ दिसली. संत्री कोपऱ्यात पडून होती. लेकाने नाव घेतलं तर शेपूट हलली, पण मान उचलली नाही.

आणि दिवस कोणता? गोटमारीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावची माणसं जाम नदीत पळसाचं झाड रोवून त्यासाठी एकमेकांवर दगड मारतात. दरवर्षी शेकड्यांनी जखमी होतात. बाजार बंद, नदीकडचे रस्ते बंद, जिकडेतिकडे पोलीस आणि ॲम्ब्युलन्स. आमचे नेहमीचे डॉक्टर सणाला गावी गेलेले. माणसांची डोकी शिवायला जिथे हात पुरत नाहीत, तिथे पिल्लासाठी कुणाला विचारायचं?

मी सौंसरला भावाला फोन लावला. तो म्हणाला, "इकडे घेऊन ये. माझ्या ओळखीचे गुरांचे डॉक्टर आहेत, घरीच आहेत." संत्रीला जुन्या लुगड्यात गुंडाळून आम्ही मागच्या रस्त्याने गाडी काढली. तासाभराचा रस्ता. लेक मागच्या सीटवर तिला मांडीवर घेऊन बसला होता, आणि मी पुढे बसून मोत्याचा विचार करत होते.

मोत्याबद्दल मी आजवर फारसं कुणाशी बोललेले नाही. 1991 साल असेल, मी नऊ वर्षांची. सौंसरच्या घरी वडिलांनी एक पांढरं पिल्लू आणलं होतं. घरात दूध मोजून यायचं, मुलांना एकेक पेला. माझा पेला मी चोरून मोत्याला द्यायचे. एक दिवस मोत्याने खाणं सोडलं. उलट्या, मग रक्ताचे जुलाब, आणि असा वास की अंगणात उभं राहवेना. तिसऱ्या दिवशी मोत्या गेला. आजी म्हणाली, "दूध बाधलं." कुणी मला रागावलं नाही, कारण पेल्याचं कुणाला माहीतच नव्हतं. मला माहीत होतं. त्या दिवसापासून मी पेलाभर दूध सलग पिऊ शकलेले नाही. घरचे समजतात मला आवडत नाही.

सौंसरच्या डॉक्टरांनी आधी संत्रीचं ताप-वजन बघितलं. हिरड्या दाबून बघितल्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती पटकन मागे जात नव्हती, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं. मग एक छोटं किट काढलं, विष्ठेचा नमुना घेतला आणि म्हणाले, "दहा मिनिटं थांबू. पार्वो निघाला तर नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावं लागेल, वेळ घालवायचा नाही."

त्या दहा मिनिटांत मी त्यांना मोत्याचं सांगितलं. कसं तोंडातून निघालं कळलं नाही. पेल्याचंही सांगितलं.

ते म्हणाले, "ताई, न बघता खात्रीने सांगता येत नाही. पण तुम्ही सांगता ते सगळं पार्वोसारखं आहे. लस दिली होती का?"

लस? 1991 मध्ये सौंसरच्या आमच्या गल्लीत कुत्र्याला कुणी लस देत असेल असं मला आठवत नाही.

"दुधाने पोट बिघडतं," ते म्हणाले. "तीन दिवसांत पिल्लू असं मरत नाही."

किटवर एकच रेघ उमटली. पार्वो नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र अंकुशकृमींची अंडी दिसली. म्हणजे आम्ही विसरलेलं ते औषध. त्यावर पुरण, तूप आणि गल्लीभरचे घास. कातडीखाली सलाईन दिलं, उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं, जंताचं औषध दिलं. दुपारी भावाच्या अंगणात संत्रीने चार चमचे पाणी पिऊन ते पोटात ठेवलं, तेव्हा माझ्या लेकाने पहिल्यांदा काहीतरी खाल्लं.

आता मुलांनो, तुमच्यासाठी. तुमच्यापैकी कितीतरी जण पुण्या-बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये, काही तर परदेशात पिल्लं पाळताय. डॉक्टरांनी त्या दिवशी आणि पुढच्या दोन भेटींत जे समजावलं ते सांगते.

पहिली गोष्ट दुधाची. पिल्लू आईचं दूध पितं तेव्हा दुधातली साखर पचवणारं पाचक द्रव्य त्याच्या आतड्यात भरपूर असतं. दूध सुटलं की ते कमी होत जातं. मग न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, आंबते, आणि जुलाब होतात. शिवाय कुत्रीचं दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी दाट असतं. त्यात प्रथिनं आणि स्निग्धांश दुपटीहून जास्त, साखर मात्र कमी. म्हणून "आईचं दूध मिळालं नाही" याची भरपाई गाईच्या दुधाने होत नाही. फारच लहान, तीन-चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू असेल तर पिल्लांसाठीची वेगळी दूध पावडर मिळते, ती डॉक्टरांना विचारून द्यावी. त्यानंतर हळूहळू मऊ खाद्यावर आणायचं. आणि विकत किंवा दत्तक घेणार असाल तर आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत पिल्लाला आईजवळ राहू द्या.

दुसरी गोष्ट जंतांची. पिल्लाला जंत बाहेरूनच होतात असं नाही. काही आईच्या पोटातूनच येतात, काही तिच्या दुधातून. म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, आणि दोन-तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्यातून एकदा औषध द्यायचं असतं. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरच ठरवतील. "नाजूक पोट" म्हणून आपण ज्याला नाव देतो, ते पुष्कळदा जंत असतात. ते माणसाच्या मुलांनाही होऊ शकतात, तेव्हा पिल्लाशी खेळून झालं की हात धुणं आलंच.

तिसरी गोष्ट पोट बिघडल्यावर काय द्यायचं ही. आपल्याकडे लंघन हे परम औषध मानतात. मोठ्या माणसाला ते चालेल, पिल्लाला नाही. उपाशी ठेवलं तर त्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. डॉक्टरांनी संत्रीला दोन भाग मऊ शिजवलेला भात आणि एक भाग उकडलेली कोंबडी सांगितली. कातडी काढलेली, हाड नाही, मीठ-मसाला-तेल काही नाही. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. त्यात चमचाभर उकडलेलं कोहळं, म्हणजे तुमचा लाल भोपळा. पण हे तीन-चार दिवसांचं पथ्य आहे, रोजचं जेवण नव्हे. भात-कोंबडीत कॅल्शियम जवळजवळ नसतं. महिनोन्‌महिने तेच दिलं तर वाढत्या पिल्लाची हाडं कमकुवत होतात. आणि म्हणून मनानेच कॅल्शियमचं टॉनिकही सुरू करायचं नाही. लॅब्रॉडॉर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम हाडांसाठी घातकच ठरतं.

चौथी गोष्ट खाद्य बदलण्याची. जुनं खाद्य आज बंद आणि नवीन उद्या सुरू, असं केलं की चांगलं पोटही बिघडतं. आठ-दहा दिवस घ्यायचे. आधी पाव भाग नवीन, मग अर्धं, मग पाऊण, मग पूर्ण. तयार खाद्य देत असाल तर पिल्लांसाठीचंच घ्या. पाकिटावर वजनानुसार प्रमाण लिहिलेलं असतं, ते दिवसभराचं असतं, एका वेळेचं नव्हे. चार महिन्यांपर्यंत त्याचे चार भाग, सहा महिन्यांपर्यंत तीन, पुढे दोन.

काही गोष्टी मात्र एक घासही नको. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुके, चॉकलेट, बिनसाखरेचं च्युइंगगम, शिजवलेलं हाड. आता तुम्हीच सांगा, कांदा-लसणाशिवाय आपली कुठली रस्सा-भाजी होते? म्हणून ताटातलं उष्टं द्यायचंच नाही, हा सोपा नियम. माणसाच्या जुलाबाच्या किंवा तापाच्या गोळ्याही मनाने द्यायच्या नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. शी पातळ आहे पण पिल्लू खेळतंय, खातंय, शेपूट वर आहे, तर एखादा दिवस पथ्य करून बघायला हरकत नाही. पण खाणं सोडलं, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, रक्त दिसलं, किंवा पिल्लू मलूल पडलं, तर सकाळची वाट बघू नका. पिल्लाच्या अंगातलं पाणी काही तासांत संपतं. पार्वो 1978 मध्ये पहिल्यांदा ओळखला गेला आणि दोन वर्षांत जगभर पसरला. उपचार नसले तर बहुतेक पिल्लं दगावतात, वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक वाचतात. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते. एक टोचली म्हणजे झालं, असं नाही. गावाकडे असाल तर 1962 हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक फोनमध्ये ठेवा, आणि तुमच्या भागात कुत्र्यासाठी गाडी येते का हे आधीच विचारून ठेवा. सणाच्या दिवशी शोधाशोध नको.

एवढं सगळं ऐकून आम्ही पांढुर्ण्याला परतलो. खरी लढाई पुढेच होती.

मी घरात जाहीर केलं, "उद्यापासून संत्रीला एकाच माणसाने खायला द्यायचं. बाकी कुणी हात लावायचा नाही." सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या काही बोलल्या नाहीत, पण रात्री जेवल्याही नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माझ्या हातून लेकरू मरत होतं, असंच ना?"

काय उत्तर देणार होते मी? चौतीस वर्षं मी हेच स्वतःला विचारत होते. मी त्यांच्याजवळ बसले आणि मोत्याची गोष्ट सांगितली. त्या दिवसातली दुसरी वेळ. पेल्याचं ऐकल्यावर त्यांनी माझा हात धरला. "नऊ वर्षांची होती माय तू," एवढंच म्हणाल्या.

मामंजी ओसरीवरून ऐकत होते. ते म्हणाले, "पोळ्याले आपण बैलाले पुरणपोळी देतो. किती देतो? एक घास. बाकी परात कोण खाते? आपणच. माझ्या बापानं कधी बैलाले दुसरा घास देऊ देल्ला नाही. म्हणे, त्याचं पोट कडब्याचं हाय, आपल्या हौशीचं नाही."

बघा, शहाणपण घरातच होतं. बैलासाठी वापरत होतो, पिल्लासाठी विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी वेगळाच निर्णय जाहीर केला. संत्रीला खायला घालणारा एक हात सासूबाईंचा. कोंबडी त्यांच्या स्वयंपाकघरात शिजणार नव्हतीच. ते तीन-चार दिवस लेकाने मागच्या अंगणात वेगळ्या शेगडीवर उकडली आणि स्वतःच भरवली. पोट सावरल्यावर तयार खाद्य हळूहळू सुरू केलं, आणि ते सासूबाईंच्या ताब्यात दिलं. माप काय ठेवायचं? त्यांनी मांडणीवरून तुपाची जुनी पितळी वाटी काढली. आम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बघितलं आणि वाटीच्या आत कुठवर भरायचं ते ठरवलं. त्या खुणेच्या वर एक दाणा जात नाही.

आता सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, रात्री नऊ. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सासूबाई टिक करतात. जंताच्या औषधाच्या तारखेला लाल गोल. मामंजींनी चहातलं बिस्किट दाखवलं की त्या नुसत्या बघतात, आणि मामंजी अख्खं बिस्किट स्वतः खातात. गल्लीतल्या मुलांना त्यांनी सांगून ठेवलंय, "तिच्यासंगं खेळा, खाऊ घालायचं काम माझं." मला वाटलं होतं त्यांचा आनंद मी हिरावून घेतला. पण पाचला पाच मिनिटं कमी असताना संत्री त्यांच्या पायाशी जाऊन बसते, बाकी कुणाच्याही नाही.

तर मंडळी, संत्री छान आहे. तिन्ही लशी झाल्या, शी घट्ट आहे (सदरात हे लिहावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं!), आणि परवा तिने माझ्या लेकाची एक चप्पल खाल्ली. ती पचली नाही, पण ती वाटीत मोजून दिलेली नव्हती.

तुमच्या घरी पिल्लू असेल तर आज कॅलेंडर काढून दोन तारखा लिहा, पुढच्या लशीची आणि जंताच्या औषधाची. आणि वाटी कुणाच्या हातात राहील, हे घरात सगळ्यांनी बसून ठरवा. आजी-आजोबांना बाजूला सारून ठरवू नका, त्यांच्याच हाती द्या.

आणि हो, परवा सकाळी मी अर्धा पेला दूध प्यायले. सावकाश, पण प्यायले.

भेटू पुढच्या अंकात.